चढता बार

आमच्या मुरुडच्या कोळीवाड्यात व्यायामशाळेच्या वेळा होड्यांवर ठरतात. होड्या दर्यात असल्या की व्यायामशाळा आम्हा बायकांची, किनाऱ्याला लागल्या की पुरुषांची. ऐकायला किती न्यायाचं वाटतं. पण जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि नारळी पुनवेपर्यंत आम्हाला दार बंद. पॉवरलिफ्टिंगची जिल्ह्याची निवड नेमकी जुलैत, माणगावला. त्यामुळे इथली एकही बाई आजवर तिथे गेलेली नाही. नियम करणाऱ्यांच्या हे लक्षातच आलं नाही, की आलं आणि बरंच वाटलं, ते त्यांनाच ठाऊक.

मी सुचिता. सकाळी बाजारात मासळी विकते आणि संध्याकाळी वजनं उचलते. मला शिकवलं हरेश्वरकाकांनी. काकांचे गुडघे आता गेलेत, स्टुलावर बसूनच शिकवतात. त्यांच्याकडे तीनच गोष्टी. बार, म्हणजे प्लेटा चढवलेली लोखंडी दांडी, खांद्यावर घेऊन बसायचं आणि उठायचं, तो स्क्वॉट. फळीवर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलायचा, तो बेंच. जमिनीवरून उचलायचा, तो डेडलिफ्ट. मशीन नाही, आरसा नाही. स्टँड जुन्या पाइपांचा, वेल्डिंग करून घेतलेला. खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून प्लेटांना खोबरेल चोळायचं. दंडांसाठी काही वेगळं सांगा, असं मी एकदा म्हटलं तर काका म्हणाले, "आधी पाय कर. दंड येतील मागून, जातात कुठं?" मग मी पाच-पाचचे सेट मारत राहिले, जमेल तसं थोडं थोडं वजन वाढवत. कंटाळा यायचा, पण वजन चढायचं.

बार एकच असल्यामुळे काकांचा एक नियम आहे. सगळ्यांनी एकाच राऊंडमध्ये उभं राहायचं आणि वजन फक्त चढवायचं, उतरवायचं नाही. ज्याला पुढचं वजन झेपत नाही तो बाहेर. बाहेर पडलेल्याने उरलेल्यांना प्लेटा लावून द्यायच्या आणि मागे उभं राहून सांभाळायचं. आणि बसताना कंबर गुडघ्याच्या खाली गेली नाही तर तो स्क्वॉट काका धरत नाहीत.

होड्या वर आल्या त्या दिवशी माझा धाकटा दीर विनेश व्यायामशाळेच्या दारातच उभा होता. ती चालवणाऱ्या मंडळाचा तो सेक्रेटरी.

"वहिनी, आता पुनवेनंतर."

"निवड जुलैत हाय."

"मग फुडच्या वर्षी. पोरं सगळा मोसम दर्यात मरतात, दोन महिने तरी त्यांना मोकळी जागा नको?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मला विनेशपेक्षा त्यांचाच राग जास्त आला. नवराही घरी म्हणाला, एक वर्षाने काय बिघडतं. बिघडतं. चाळिशी उलटलीय माझी, या वर्षी गुडघे धड आहेत. पुढच्या वर्षीची हमी हा देणार आहे का?

दुसऱ्या दिवशी मी पुरुषांच्याच वेळेला गेले. मनुबाई आणि इतर दोघी-तिघी बाहेर पायरीवर थांबल्या. मनुबाई माझ्यासारखीच मासळी विकते, बारला हात लावून तिला अजून वर्षही झालेलं नाही, पण माझ्याइतकीच ती जुलैची वाट बघत होती.

"राऊंडला उभी राहते," मी म्हटलं.

विनेश हसला. "काका, सांगा हिला."

काकांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "राऊंडला कोणी उभं राहायचं, याचा नियम मी केलेला न्हाय. वजन झेपतंय तोवर कोनीबी."

सुरुवातीला पोरं खिदळत होती. ऐंशी किलोला अर्धी बाहेर पडली. जाळी ओढून खांदे झालेत त्यांचे बैलासारखे, पण जाळं ओढायला कोणी खाली बसून उठत नाही. शंभराला विनेश आणि मी, दोघंच उरलो. एकशेदहाला तो अर्धाच बसला आणि झटक्यात उभा राहिला.

"खाली न्हाय गेलास," काका म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा तो खाली गेला आणि खालीच राहिला. पोरांनी बार धरून उचलला. मी एकशेदहा मारलं. आता मला प्लेटा लावून द्यायची पाळी विनेशची. निवडीला एकशेवीस लागतील असा काकांचा अंदाज होता, म्हणून मी तेवढंच मागितलं. आजवर ते मी कधी उचललेलं नव्हतं. विनेशने दोन्ही बाजूंना प्लेटा चढवल्या आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला.

खाली गेले ती बरोबर गेले. उठताना मधेच अडकले. डोळ्यांपुढे अंधारी आली. विनेशचे हात पुढे आलेले मला दिसले.

"हात लावू नको," मी दातांतून म्हटलं.

त्याने हात मागे घेतले. कशी उठले ते मला सांगता येणार नाही. बार स्टँडवर आदळल्याचा आवाज आला आणि काका म्हणाले, "धरला."

विनेश मोकळेपणाने बोलला, ते मी नाकारणार नाही. "मानलं, वहिनी. तू येत जा रोज. निवडीपर्यंत तुला कोनी अडवनार न्हाय." मग पायरीकडे बघत म्हणाला, "फक्त तू हां. बाकीच्या पुनवेनंतर."

मला जे हवं होतं ते हातात होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मनुबाई पायरीवरून उठून चप्पल शोधायला लागली होती. तिला वाटलं असणार, आता मी हो म्हणणार. खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

मी बारच्या टोकाची कडी काढली आणि प्लेट उतरवली. मग दुसरी.

"ए, वजन उतरत न्हाय आपल्यात," विनेश म्हणाला. त्याला राग आला नव्हता, तो गोंधळला होता.

"माहीत हाय." मी पलीकडच्या बाजूला गेले. काका काहीतरी बोलणार असं वाटलं. त्यांचा आयुष्यभराचा नियम मी त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होते, आणि तोही त्याच नियमाने जिंकल्यावर. त्यांनी मला अडवलं नाही. शेवटची प्लेट जड होती, ती मी विनेशच्या हातात दिली. बार मोकळा झाला.

"मनुबाई," मी हाक मारली, "ये. नंबर तुझा."

ती दारात थबकली. विनेश प्लेट छातीशी धरून उभा होता, एकदा काकांकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

"भिंतीला लाव ती," मी म्हटलं, "आणि हिच्या मागे उभा राहा. तू बाहेर पडलायस."