मंजुळाचं आगाऊ स्वागत

माझे थोरले बंधू आप्पासाहेब यांना आनंद झाला की तो छापून घ्यावा लागतो. ट्रॅक्टर घेतला, लावला फ्लेक्स. बैलाचा वाढदिवस, लावला फ्लेक्स. मूळव्याधीचं ऑपरेशन सुखरूप झालं तेव्हाही आमच्या गावाच्या, करमाडच्या फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स झळकला होता. नशीब एवढंच की त्यात आजाराचं नाव नव्हतं. प्रत्येक फ्लेक्सच्या कोपऱ्यात आप्पा असतात, डोळ्यांवर काळा चष्मा आणि कानाला मोबाइल. म्हणून माझ्या मुलीचं, मंजुळाचं, अमेरिकेचं प्रकरण मी त्यांच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं.

मंजुळाला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, पण व्हिसा एकदा नाकारला गेला होता. वकिलातीतल्या साहेबाने विचारलं, शिकून झाल्यावर काय करणार? आमच्या पोरीने खरं ते सांगितलं: तिकडेच चांगली नोकरी बघणार. साहेबाने हसतमुखाने पासपोर्ट परत दिला.

मी छावणी भागातल्या एका शाळेत गणित शिकवतो. नियम म्हटलं की मला चेव येतो. मी विद्यापीठाचं आय-ट्वेंटी नावाचं प्रवेशाचं कागदपत्र वाचलं, सेविस ही परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी समजून घेतली आणि शेवटी मुद्द्याला पोचलो. विद्यार्थ्याचा व्हिसा परत येणाऱ्यालाच मिळतो. आपली पाळंमुळं इथंच आहेत, हे साहेबाला पटलं पाहिजे. शिवाय आता फेसबुक, इन्स्टाग्राम सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. तिथेही तो डोकावू शकतो.

मग आमच्या पडेगावच्या घरात तालीम सुरू झाली. माझी बायको आशा हिचं शिलाई मशीन म्हणजे वकिलातीची खिडकी. मशीनच्या अलीकडे साहेब म्हणून मी, पलीकडे मंजुळा, आणि ब्लाउज अडकलाय म्हणून कुरकुरणारी आशा. मी खर्जात विचारायचो, "परत येणार का?" मंजुळा इंग्रजीत सांगायची की माझं कुटुंब इथं आहे, आमची शेती इथं आहे, शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना माझ्या शिक्षणाची गरज आहे, म्हणून मी नक्की परत येणार. मी दहा वेळा म्हणवून घ्यायचो. इतकं की पुढे पुढे आशाच बॉबिन भरता भरता इंग्रजीत "माय फॅमिली, अवर फार्म" पुटपुटायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण आशाच्या पोटात काही राहत नाही. तिने फोनवर आपल्या जावेला, आवडाबाईला, सांगितलं. आवडाबाईने आप्पांना सांगितलं. मुलाखत दोन दिवसांवर असताना मंजुळाच्या मोबाइलवर फोटो आला आणि तिने तो माझ्यापुढे धरला.

करमाड फाट्यावर भला मोठा फ्लेक्स. मागे विमान, हातात मशाल धरलेली ती अमेरिकेची बाई, आणि त्या बाईपेक्षा मोठे आप्पा. मजकूर असा: "करमाडची सुकन्या कु. मंजुळा हिची अमेरिकेत कायमस्वरूपी स्थायिक होण्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांची चाळीसेक मुंडकी. त्यातल्या झाडून सगळ्यांनी तो फोटो फेसबुकवर टाकून मंजुळाला टॅग केलं होतं.

मी स्कूटर काढली. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावावर ओरडायला निघालो होतो, त्यामुळे रस्ताभर सराव केला. आप्पा फ्लेक्सखालीच खुर्ची टाकून अभिनंदन स्वीकारत बसले होते.

"आप्पा, हे काय करून ठेवलं तुम्ही! 'कायमस्वरूपी' कुणी लिहायला सांगितलं?"

"मंग? नुसतं जाण्यात काय मोठेपणा हाय? जालन्याला बी लोक जातेत अन् संध्याकाळी माघारी येतेत. त्येचा फ्लेक्स लावतो का कुणी?"

मी त्यांना नियम समजावला. त्यांनी चष्मा काढून नीट ऐकलं आणि मग चिडले. माझ्यावर नाही, अमेरिकेवर.

"म्हंजे आत घ्यायच्या आधीच निघायचं कबूल करून घेतेत? पाव्हणा दारात उभा, अन् त्याला पाणी नाय, चहा नाय, आधी विचारायचं, जाणार कवा? लई बेकार रीत हाय बन्सी ही."

"रीत कशी का असंना. ह्या फ्लेक्सपायी पोरीचा व्हिसा जाईल, आप्पा."

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. आप्पांना मूलबाळ नाही. आत्या नाही म्हणून मंजुळाच्या कानात कुर्र करून तिचं नाव आवडाबाईनेच ठेवलं, आणि पहिल्या वाढदिवसाला जो फ्लेक्स लागला तो आप्पांच्या आयुष्यातला पहिला. माझा राग तिथंच ओसरला. "मी नीट करतो," ते म्हणाले. हे वाक्य ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जुना फ्लेक्स उतरला आणि त्याच जागी नवा चढला. विमान तेच, तोंड फक्त उलट्या दिशेला. "उच्च शिक्षण पूर्ण करून अमेरिकेहून मायदेशी परतल्याबद्दल कु. मंजुळा हिचे सहर्ष स्वागत!" पोरगी अजून पडेगावातच होती. संध्याकाळपर्यंत माणसं भेटायला येऊ लागली. आप्पांच्या शेजारच्या मनकर्णाबाईंनी आशाचा हात हातात घेतला आणि दबक्या आवाजात विचारलं, "एका दिवसात कामून पाठवली वं माघारी? काही भांडणबिंडण केलं का तिथं?"

मुंबईला मी सोबत गेलो. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून मंजुळाचा मोबाइल माझ्या हातात देऊन ती आत गेली. मी बाहेर फुटपाथवर उभा. हातात मोबाइल सारखा थरथरतोय. फ्लेक्सवरच्या मुंडक्यांतल्या कडूबाने टॅग केलं, वेलकम बॅक. सांडूने टॅग केलं, वेलकम बॅक ताई. आत साहेब हे बघत असेल तर त्याला काय वाटेल? परवा कायमची गेली, काल परत आली, आणि आज समोर उभी राहून व्हिसा मागतेय.

मंजुळा बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला होता. म्हणजे व्हिसा मिळाला!

"परत येण्याचं काय विचारलं?" मी म्हणालो.

"काहीच नाही, बाबा. कोर्सचं विचारलं, खर्च कोण करणार ते विचारलं, अन् झालं. ते विचारलंच नाही."

मला आनंद झाला आणि, खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. एवढी घोटलेली तालीम, आणि प्रश्नच आला नाही. आप्पांना फोन केला तर ते आधी रडले आणि मग तिसऱ्या फ्लेक्सची गोष्ट काढली. मी फोन ठेवला.

जायच्या आदल्या दिवशी आप्पा दोन्ही फ्लेक्स घेऊन पडेगावला आले. कांदा झाकायला बरे पडतील म्हणाले, पण आधी पोरीला दाखवायचे होते. आशाने पहिला त्यांना परत दिला. "हा कांद्यावर टाका. हा ठिवते मी." सहर्ष स्वागताची तिने नीट घडी घातली आणि कपाटात, ठेवणीतल्या साड्यांखाली सरकवली.

मंजुळा मशीनपाशी बसून बॅग भरत होती. आशा तिच्यासमोर येऊन बसली, बरोबर साहेबाच्या जागी.

"परत येशील का गं?"

मंजुळाने मान वर न करता, हसत, तालमीतलं उत्तर इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली. माय फॅमिली, अवर फार्म. शेंद्र्यापर्यंत आली तेव्हा आशाने तिच्या हातातला स्वेटर काढून घेतला.

"हे सायबाला सांगायचं हुतं. मला मराठीत सांग."

मंजुळाने माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी चष्मा लावला, घरात ऊन नव्हतं तरी. आशाने स्वेटरची घडी घातली आणि स्वतःच बॅगेत ठेवला.