भवानीच्या परवान्यावर

ओरत्तनाडूच्या पलीकडे वेंकटरावांच्या नारळीच्या बागेत तंजावूरच्या हौशी रेडिओ क्लबनं पहिल्यांदाच एकत्र स्पर्धा खेळायला घेतली. दोन माडांमध्ये तार ताणली, पंपाच्या खोलीत सेट मांडला. क्लबला परवाना मिळाला नव्हता आणि अध्यक्ष वेंकटरावांनी स्वतःच्या परवान्याची मुदत वाढवलीच नव्हती, म्हणून सगळे भवानीच्या परवान्यावर, तिच्याच कॉलसाइननं, म्हणजे परवान्यावरच्या सांकेतिक नावानं बोलत होते. स्पर्धेत जास्तीत जास्त रेडिओ केंद्रांशी बोलायचं. दोघांनी एकमेकांना नीट ऐकलं तरच तो संपर्क धरायचा.

भवानी पॉलिटेक्निकात शिकवायची. दुपारी मंडळींना चिंचेचा भात वाढून ती खोलीत परतली, तर सेटमधून नुसती खरखर येत होती आणि वेंकटराव फोनमध्ये बघून कॉम्प्युटरवर संपर्कांच्या यादीत नावं चढवत होते.

"हे कोण, अण्णा?"

"मदुरैचा सुब्रमण्यम. आपल्याला हाका मारत होता म्हणे. व्हॉट्सॲपवर कळवलंय त्यानं."

"तुम्ही ऐकलंत त्याला?"

"अगं, सगळेच करतात. पहिलीच स्पर्धा, सराव तर आहे!"

"खोटं बोलायचा?"

भवानीच्या कानशिलं तापली. तिनं माईक ओढला आणि सुब्रमण्यमला नावानिशी हाक घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खरखरीखेरीज काही आलं नाही. दाराशी उभा गुरुमूर्ती, क्लबचा चिटणीस, चपलेनं माती उकरत राहिला.

तिनं ती नावं एकेक करून पुसली.

"बाग माझी, सेट माझा!" वेंकटराव कडाडले.

"मग बोला की तुमच्याच नावानं! परवाना कुठाय तुमचा?"

त्यांनी सेटच्या बॅटरीची वायर उपटली. खरखरही थांबली. भवानीनं खऱ्या संपर्कांची यादी आपल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि मोपेडला किक मारली.

घरी येऊन तिनं ती तोकडी यादी तशीच स्पर्धेला पाठवली. संध्याकाळी तिला क्लबच्या ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गुरुमूर्तीचा फोन आला. "अक्का, तुमचंच बरोबर होतं. अण्णांपुढे बोलणार कोण?"

"तू!" भवानी ओरडली. "तिथंच उभा होतास ना? मग आता माझ्या कानात कशाला कुजबुजतोस? जा, त्यांना सांग."

तिनं फोन ठेवून दिला.