उन्हाकडची खुर्ची

ज्या परीक्षेत नापास व्हायचं असतं तिथे कॉपी करून पास झालेला माणूस अख्ख्या इंडियानात एकच, तो म्हणजे डेलबर्ट स्ट्राउड, असं व्हर्जिल हफ दर शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचा तुकडा मोडता मोडता सांगायचा. ऐकणारे हसायचे. डेलबर्टही हसायचा, कारण बाकीचे हसताना दिसायचे.

व्हर्जिल आणि तो व्हिएतनाममध्ये एकाच तोफेवर होते. तोफेची दोरी ओढायचं काम डेलबर्टचं. कानात घालायला सिगारेटची थोटकं मिळायची, आणि घाईच्या वेळी तीही नाही. एकोणसत्तर साली तो घरी आला तेव्हा कानात एक बारीक किणकिण मुक्कामाला आली होती आणि लोकांच्या बोलण्यातले टोकदार आवाज कायमचे निघून गेले होते. शब्द यायचे ते गरगटून आलेले, डाळ कुठली नि भाजी कुठली कळू नये असे.

पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने गावोगाव फिरून टपाल वाटलं आणि बहिरेपणाचा पत्ता व्हर्जिलखेरीज कुणाला लागू दिला नाही. ओठ वाचायचा, चेहरा वाचायचा, आणि दोन्ही जमलं नाही की "अगदी बरोबर बोललात" म्हणायचा. या वाक्यावर बहुतेक माणसं खूश होतात, हे त्याला फार लवकर कळलं होतं. आपण या कलेत उस्ताद आहोत असं त्याचं प्रामाणिक मत होतं. बायकोला, नदीनलाही, कधी संशय आला नाही, याचा तर त्याला थोडा अभिमानच होता.

दोन वर्षांपूर्वी व्हर्जिलने डोकं खाऊन त्याला लढाईत गेलेल्या कानांसाठी सरकारी भरपाईचा दावा करायला लावला. दावा म्हटला की तपासणी आली. डेलबर्ट इस्त्रीचा शर्ट, टाय आणि चकचकीत बूट घालून गेला, जणू पुन्हा भरतीच व्हायचं होतं. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, कसं काय चाललंय? हा म्हणाला, झकास, मॅडम, काही तक्रार नाही. तिने तेही लिहून घेतलं. मग काचेच्या खोलीत बसवून सांगितलं की बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. याने काचेतून तिच्या खांद्यावर नजर ठेवली. खांदा हलला की हा बटण दाबी. शब्द म्हणायची वेळ आली तेव्हा तिचे ओठ वाचून सगळे शब्द बिनचूक म्हणून दाखवले. वयाच्या मानाने ऐकणं उत्तम, असा निकाल आला आणि दावा फेटाळला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा त्याचं काही बिघडलं नव्हतं. पण गेल्या वसंतात नदीन गेली.

तिने तो लढाईवर असताना एक कॅसेट पाठवली होती. स्वयंपाकघरात यंत्र लावून तासभर बोलली होती ती. रेतीच्या पोत्यांमागे बसून त्याने ती कॅसेट पाठ होईस्तोवर ऐकली. घरी परतल्यावर मात्र लावली तर नुसती गुणगुण आली, शेजारच्या घरात कुणी बोलत असल्यासारखी. कॅसेटला ओठ नसतात. तेव्हा त्याने "काय गोड आवाज आहे गं तुझा" म्हणून वेळ मारून नेली, कारण बोलणारा चेहरा समोर होता आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं. आता चेहरा गेला होता. उरलेली नदीन त्या डबीत होती आणि तिथवर जायला त्याच्याकडे कान नव्हते. औषधांच्या दुकानातलं कानाचं यंत्र आणून पाहिलं, तर फक्त किणकिण मोठी झाली. मुलगी ऱ्होंडा म्हणाली, दावा मंजूर झाला तर त्याच्याच कानांच्या मापाने बनवलेली चांगली यंत्रं मिळतील. म्हणून म्हातारा दुसऱ्यांदा तयार झाला. पैशांसाठी तो हलला नसता.

तपासणीच्या आदल्या दिवशी व्हर्जिलने शिकवणी घेतली. "हे बघ लेका, तुला काही सोंग करायला सांगत नाहीये मी. उलट करू नकोस म्हणतोय. नाही ऐकू आलं तर म्हण, नाही आलं. आणि तो टाय घरी ठेव."

डेलबर्टने टाय घातलाच. सुंभ जळाला तरी पीळ थोडाच जातो?

या वेळच्या डॉक्टर प्रुइट केस पिकलेल्या, अनुभवी बाई होत्या. त्यांनी दारातून नाव पुकारलं तेव्हा ऱ्होंडाने त्याच्या बाहीला हात लावला आणि तो उठला. आत गेल्यावर त्याची पहिली पंचाईत झाली. काचेच्या खोलीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. खांदा नाही, ओठ नाहीत, समोर नुसती करडी भिंत. त्याला घाम फुटला. हरायची सवय नव्हती, म्हणून त्याने अंदाजाने बटण दाबायला सुरुवात केली. जरा वेळाने बाई दार उघडून समोर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर स्ट्राउड, मी काही वाजवलेलंच नाही अजून."

तो ओशाळून हसला. मग बाहेरच्या खोलीत शब्दांची पाळी आली. बाई समोर बसल्या, पण तोंडापुढे एक पुठ्ठा धरून. पुठ्ठ्यामागून गुरगुट्या भात आल्यासारखं काहीतरी आलं.

"तो पुठ्ठा जरा खाली घ्याल का?" डेलबर्ट म्हणाला. "आणि खिडकी तुमच्या मागे आहे. चेहऱ्यावर उजेड नसला की मला..." तो अडखळला. "बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड लागतो."

बाईंनी पुठ्ठा खाली घेतला. "घरी कुणी पाठमोरं बोललं तर काय करता?"

"आमच्याकडे पाठमोरं कुणी बोलत नाही. माझी बायको तर कधीच..."

आणि इथे तो थांबला. भांडी घासता घासता नदीनला काही सांगायचं असलं की ती नळ बंद करायची, हात पुसायची, टेबलाला वळसा घालून समोर यायची आणि मग बोलायची. साधं मीठ संपल्याचं सांगायलाही. गाडीत ती बोलतच नसे. सिग्नलला गाडी थांबली की त्याच्याकडे वळून बोलायची. मुलं आधी बाहीला हात लावायची. किती लाघवी मुलं आहेत आपली, असं तो लोकांना सांगत फिरला होता.

बाईंनी पुन्हा पुठ्ठा वर धरला. आवाज आला.

"ऐकू नाही आलं," डेलबर्ट म्हणाला. हे वाक्य त्याने कुणापुढे असं पहिल्यांदाच म्हटलं. पुढचा शब्द आला. "नाही आलं." त्याच्या पुढचा. "नाही." मग त्याने अंदाज करणं सोडून दिलं आणि डोळे भरून आले ते पुसायचंही सोडून दिलं. बाईंनी घाई केली नाही.

परतताना त्याने ऱ्होंडाला विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक होतं?"

ऱ्होंडाने मक्याच्या शेताकडेला गाडी थांबवली, पट्टा सोडला आणि पूर्ण त्याच्याकडे वळली.

"डॅड, सगळ्यांनाच ठाऊक होतं. मॉमने आम्हाला लहानपणीच बजावलं होतं, आधी बाहीला हात लावायचा, मग बोलायचं. आणि डॅडला कळू द्यायचं नाही."

"का पण?"

"ती म्हणायची, तो बिचारा इतक्या कष्टाने लपवतोय, तर लपवू दे."

डेलबर्ट हसला. उस्ताद कोण होतं, ते आता कळलं होतं.

थंडीच्या तोंडावर पर्सिमनची नारिंगी, गोड फळं पिकून झाडाखाली पडू लागली तेव्हा दावा मंजूर झाल्याचं कळलं आणि थोड्या दिवसांनी यंत्रंही आली. सकाळी कॉफी झाल्यावर त्याने ती कानात बसवली, टेबलावर जुना कॅसेटप्लेअर ठेवला आणि आपल्या खुर्चीकडे गेला. मग काय वाटलं कोण जाणे, वळसा घालून तो नदीनच्या खुर्चीत जाऊन बसला. इतक्या वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता.

बसला आणि पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत घुसलं. समोर काही दिसेना. त्याने एकदा या खिडकीला पडदा आणला होता, तर तिने परत करायला लावला होता. मला सकाळचं ऊन आवडतं, म्हणाली होती. तिच्या डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्यांचं जाळं होतं. ते हसून हसून पडलंय असं त्याला वाटायचं, आणि ते त्याला फार आवडायचं. रोज सकाळी या उन्हात डोळे बारीक करून ती त्याच्याशी बोलत होती, तिचा चेहरा त्याला नीट दिसावा म्हणून.

त्याने बटण दाबलं. आधी जाळीचं दार आपटलं, कुत्रं भुंकलं, आणि मग तीक्ष्ण, स्पष्ट, तरुण आवाजात नदीन कुत्र्याला दटावून बोलायला लागली. पर्सिमनचा गर चाळणीतून काढतेय, पुडिंग करणार आहे, तू इथे नाहीस तर खाणार कोण, आईने या वर्षी घेवड्याच्या शेंगा जास्तच लावल्यात. एकही अक्षर गरगटलेलं नव्हतं. ऊन सोसेना, म्हणून डेलबर्टने डोळे मिटले. तिचं बोलणं ऐकताना डोळे मिटायची चैन त्याला आजवर कधी परवडली नव्हती.

मध्येच ती थांबली. भांड्याचा आवाज झाला.

"डेल, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला.