सावित्रीचा साकव

मी कुठल्या पक्षात आहे असं कोणी विचारलं, की मी आधी विचारणाऱ्याच्या गळ्यातलं उपरणं बघतो. लबाडी म्हणून नाही, मला खरोखरच माहीत नाही. पक्षाचं नाव पाठ आहे, झेंड्याचा रंग झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण पक्ष झालेत दोन, आणि दोघांचं नाव तेच, रंगही तोच. चिन्हं तेवढी वेगळी आहेत, ती छापतात इतकी बारीक की माझ्या चष्म्याला पुरत नाहीत.

राजकारणात मी राजकारणासाठी गेलोच नव्हतो. गेलो तो सावित्रीला घरी आणायला. सावित्री म्हणजे आमचं कुटुंब.

आमची वाडी वहाळाच्या पलीकडे. सात घरं. देऊळ, शाळा, एसटीचा थांबा सगळं अलीकडे. मध्ये वहाळ, आणि त्यावर पोफळीचे दोन सोट आडवे टाकलेले. तोच आमचा साकव. धरायला कठडा नाही, काही नाही. सोट माझ्या आजोबांनी टाकले. तेव्हा रानातला वाघ त्यावरून जाताना शेपटी आडवी धरून तोल सांभाळायचा. आजोबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आजोबा कधी खोटं बोलत नसत. ते काम त्यांनी माझ्यावर सोडलं.

वाघ पडला नाही, सावित्री पडली. श्रावणात, देवळातून येताना. गुडघ्याची वाटी फुटली. रत्नागिरीत ऑपरेशन झालं आणि ती तिथंच आमच्या मुलीकडे, सानिकाकडे राहिली. दुसरा मजला, लिफ्ट, पाय दुमडायला लागू नये असं न्हाणीघर. महिन्याभरानं मी न्यायला गेलो तर तिनं चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली आणि सांगितलं, "साकव होईल तेव्हा न्यायला या. कठड्याचा."

मी म्हटलं, मकरसंक्रांतीनंतर वहाळ कोरडा पडतो, तेव्हा तळातून चालत ये. ती म्हणाली, दरड उतरायला तिथं वांदराचे हातपाय लागतात. आणि उतरले तरी मिरगाच्या पावसानंतर परत अडकणार. चार-पाच महिन्यांसाठी पाहुणी म्हणून स्वतःच्या घरात यायचं नाही तिला.

एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं गाड्यांखाली झोपून नोकरी केलेला माणूस मी. भात करायला घेतला की वर कच्चा आणि खाली करपलेला, दोन्ही एकाच टोपात. गाय मला दूध द्यायची नाही. शेवटी सावित्रीचं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन बसलो तेव्हा तिनं पान्हा सोडला, आणि सोडतानाही मागं वळून दोनदा बघितलंन. असे दिवस.

तेव्हा नितेश आला. आमच्या पक्षाचा विभागप्रमुख. म्हणजे तेव्हा पक्ष एक होता. त्याच्या मोटरसायकलवर मागं अजिंक्य, उपविभागप्रमुख. दोघं एकमेकांचे आतेमामेभाऊ, एका पुडीतली शेंग दोघं खायचे. नितेश म्हणाला, तात्या, पक्षाचं काम करा, साकव आमच्याकडे लागला. अजिंक्यनं मान हलवली. मी उपरणं गळ्यात घातलं.

काम सोपं होतं. मतदारयादीचं एक पान माझ्याकडे. त्या पानावर कोण हयात, कोण मुंबईला, कोण कुणावर रुसलेला, हे सांगायचं. सकाळी गाय, मग आंब्याच्या कलमांना फवारा, मग पक्ष, मग करपलेला भात. मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता. त्यात दिवसाला दोनशे निरोप यायचे. वाचायला वेळ नव्हता, म्हणून मी सगळ्यांना अंगठा द्यायचो. वाढदिवसाला अंगठा, आंदोलनाला अंगठा. एकदा श्रद्धांजलीलाही दिला, तेव्हा सानिकानं फोन करून झापलंन.

आणि एका सकाळी पक्ष फुटला. म्हणजे मुंबईत वरती आदल्या दिवशीच फुटला होता. आमच्याकडे सकाळच्या गाडीनं आला. मी गाय पिळून मोबाईल बघितला तर ग्रुप दोन. नाव तेच, झेंडा तोच. एकात नितेश, दुसऱ्यात अजिंक्य, आणि मी दोन्हीत. नितेशनं लिहिलं होतं, जे निष्ठावंत असतील त्यांनी कळवावं. अजिंक्यनंही तेच लिहिलं होतं. मी सवयीनं दोन्हीकडे अंगठा दिला.

दुपारपर्यंत दोन्हीकडून नवीन उपरणी आली. फरक एवढाच, की एकावर चष्मेवाला पुढारी आणि दुसऱ्यावर बिनचष्म्याचा. दोन धुण्यांत दोन्ही पुढारी पुसले गेले. उरला नुसता रंग. ती मी वाळत घातली कलमावर, आणि तिथून ती वांदरांनी नेली. दोन्हीकडून लगेच दुसरी आली. आता खोटं वाटेल, पण आठ दिवसांत आमच्या आगरातल्या टोळीच्या दोन टोळ्या झाल्या. एक उत्तरेच्या कलमांवर, एक दक्षिणेच्या. मोहोर मात्र दोघींनी मिळून ओरबाडलान.

पंचायत समितीची निवडणूक लागली. नितेश उभा राहिला, अजिंक्यही राहिला. नितेशच्या माणसानं आपलं चिन्ह छापलेल्या मतदारस्लिपांचा गठ्ठा दिला, अजिंक्यच्याही दिला. खरं तर ते वेगवेगळे ठेवायला हवे होते. मी दोन्ही गठ्ठे एकाच पिशवीत ठेवले, वर पाव किलो कोलंबी. घरोघरी फिरलो. ज्याला जी हाती लागली ती. चिमाकाकीच्या घरात सासूला एकाची गेली, सुनेला दुसऱ्याची, आणि तीन दिवस त्यांच्याकडे दोन चुली पेटल्या. काकीनं मला पाणंदीत गाठून विचारलंन, "धाकू, तू नक्की कुणाचा रे?"

मी म्हटलं, साकवाचा. ती म्हणाली, ते चिन्ह मशीनवर खालून कितवं?

सावित्रीला फोन केला की तीही तेच विचारायची. मी सांगायचो, जो जिंकेल तो साकव देईल, म्हणून दोन्हीकडे आहे. ती म्हणायची, "दोन्हीकडे पाय टाकून तर मी पडले ना."

आता गाऱ्हाण्याचं सांगतो, कारण खरा घोटाळा तिथं झाला.

आमच्या गावात केदारलिंगासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. लग्न असो, पेरणी असो, नवी गाडी असो, देवाच्या पायाशी नारळ ठेवायचा आणि आमच्यातल्या एकानं मोठ्यानं देवाला सांगायचं. प्रत्येक वाक्यामागं उभे असतील त्या सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. दोन नियम. गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये थांबायचं नाही, मागंही घ्यायचं नाही. आणि ज्यानं व्हय म्हटलं तो त्या शब्दाला बांधला.

स्लिपा वाटायच्याही आधी, अर्ज भरायच्या दिवशी नितेश देवळात आला. सात वाजताचा मुहूर्त. अजिंक्यलाही त्याच भटजींनी सात वाजताच सांगितलेला. दोघांची मिळून शंभरेक माणसं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, देऊळ होतं. हरिश्चंद्र गुरवानं दोघांचेही नारळ एकाच ताटात ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. उजवीकडे नितेश, डावीकडे अजिंक्य. सुरुवात कायमची, ती तोंडातून आपोआप गेली. बा केदारा महाराजा, तू बारा वाड्यांचा राखणदार. व्हय महाराजा. तुझ्या पायाशी आज तुझी लेकरं आली आहेत. व्हय महाराजा. पुढं उमेदवाराचं नाव घ्यायचं, आणि त्याला यश दे म्हणायचं. नाव कुणाचं घेऊ? दोघांकडे बघितलं. दोघांच्या गळ्यात तोच रंग. माझ्या गळ्यात दोघांची मिळून दोन उपरणी. डोकं धुतल्या ताटासारखं साफ झालं. मागं शंभर माणसं व्हय म्हणायला तोंड उघडून उभी, आणि थांबता येत नाही.

तेव्हा जे आठवलं ते बोललो.

"बा महाराजा, माझी सावित्री तुझ्या वाटेवर पडली, ती वहाळाच्या अलीकडेच राहिली."

"व्हय महाराजा."

"ह्या दोन लेकरांनी तुझ्या साक्षीनं, मिरगाच्या आत, कठड्याचा साकव बांधायचा शब्द दिलाय."

शंभर माणसांनी सवयीनं व्हय म्हटलं, आणि त्यात नितेशचा आवाज होता. अजिंक्यचाही. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय. म्हटल्यावर दोघांचे चेहरे बघितले मी. उकडीच्या मोदकातून सारण बाहेर येतं तसे झाले होते.

मतदानाच्या दिवशी सानिका सावित्रीला रिक्षानं घेऊन आली. शाळेत बूथ होता, वहाळाच्या अलीकडे. मी दोन टेबलांच्या मध्ये उभा. एका टेबलावर नितेशची पोरं, दुसऱ्यावर अजिंक्यची, आणि दोन्हीकडून मला चहा. सावित्री काठी टेकत आत गेली, मत देऊन बाहेर आली. मग शाळेच्या कुंपणाशी उभी राहून तिनं पलीकडे आमच्या घराकडे बघितलं. कौलं दिसत होती, दारातली जास्वंद दिसत होती. गाय हंबरली. मला वाटलं, आता येईल. ती म्हणाली, जास्वंदीला पाणी घाला, आणि रिक्षात बसली.

निकाल लागला. आमच्या बूथवर दोघांना सारखी मतं, एकशे बारा आणि एकशे बारा. देवासमोर दोघांनाही व्हय म्हटलेलं, मग लोकांनी घराघरांत वाटणी केली असणार. बाकीच्या गावांच्या जोरावर नितेश आला, अजिंक्य पडला.

मी नितेशकडे गेलो. तो म्हणाला, निधी पुढच्या वर्षी. अजिंक्यकडे गेलो. तो म्हणाला, तात्या, पडलेल्या माणसाकडे कोण मागतं? दोघांचं बरोबर होतं. मी घरी येऊन करपलेला भात खाल्ला आणि सानिकाला फोन केला नाही, कारण सांगायचं काय तेच कळेना.

मग शिमगा आला. आमच्याकडे देवाची पालखी घरोघर जाते. पालखी खांद्यावर घेणाऱ्यांत मी पुढचा. नितेशच्या अंगणात ओटी भरली, आरती झाली, आणि पालखी उठेना. चौघांनी जोर लावला, सहांनी लावला. जडशीळ. आता पालखी जड होते हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. देवाचं काही राहिलं असलं की होते. माझा खांदा दांड्याखाली होता आणि हात कुठं होता ते मी सांगणार नाही. गुरवानं विचारलं, कुणाचा शब्द राहिलाय का? सगळं अंगण नितेशकडे बघायला लागलं. त्याच्या आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "देवासमोर व्हय म्हटलंस ना? मग बांध." त्यानं परत एकदा व्हय म्हटलं आणि पालखी पिसासारखी उठली.

तिथून आम्ही अजिंक्यच्या अंगणात गेलो. तिथंही तेच झालं. शपथेवर सांगतो, तिथं मी काही केलं नव्हतं. ती कशी जड झाली ते मला आजही उमगलेलं नाही.

तर दोघांनी पदरमोड करून कामं काढली. नितेश म्हणाला, निवडून मी आलोय, साकव माझा. अजिंक्य म्हणाला, शब्द मीही दिलाय, देव काय निकाल बघून सोडतो? कोणी मागं हटेना. वहाळावर दहा हातांच्या अंतरानं दोन साकव व्हायला लागले. जेसीबी तालुक्यात एकच मोकळा होता. तो सकाळी नितेशचा, दुपारी अजिंक्यचा. चालक जेवायला बसला की विचारायचा, आता मी कुणाचा? मी त्याला पान देऊन सांगायचो, तू माझ्यासारखा. जेसीबी खाली उतरावा म्हणून दोन्ही दरडी तासून चांगला उतार केला होता, बैलगाडी जाईल असा.

वैशाखात दोन्ही पुरे झाले. दोन्हींना लोखंडी कठडा, दोन्हींना तोच रंग. मी सावित्रीला आणायला गेलो.

रिक्षा थांबली तर अलीकडे अख्खा गाव. एका साकवाच्या तोंडाशी नितेश नारळ घेऊन, दुसऱ्याच्या तोंडाशी अजिंक्य नारळ घेऊन. दोघांचे फोटोवाले. दोघं एकदम म्हणाले, काकी, या. सावित्रीनं माझ्याकडे बघितलं. मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. उजव्या साकवावरून नेली तर अजिंक्यनं माझं उपरणं ओढलं असतं. डाव्यावरून नेली तर नितेशची आई तोंड फिरवती. आणि परत जावं, तर रिक्षावाला गेला होता.

सावित्री काठी टेकत टेकत दोन्ही साकवांच्या मधोमध आली. जेसीबीनं केलेल्या उतारावरून वहाळाच्या कोरड्या तळात उतरली आणि गोट्यांवरून हळूहळू पलीकडे निघाली. मी मागं धावलो, तिची पिशवी घेऊन. वरून नितेश म्हणाला, अहो काकी, साकव तुमच्यासाठीच बांधलाय.

तिनं वर न बघता सांगितलं, "मत मी मशीनवर देऊन आले. आता पायानं द्यायची नाही."

घरी आल्यावर ती आधी गाईकडे गेली. गाईनं तिला ओळखलं, मग माझ्याकडे असं बघितलं की मी लुगड्याचा विषय काढला नाही. मग सावित्री स्वयंपाकघरात गेली, चुलीवरचा टोप उचलायला फडकं शोधलंन. खिळ्याला उपरणं टांगलेलं होतं. ते हातात घेऊन तिनं विचारलं, हे कुणाचं?

मी जवळ जाऊन बघितलं, उजेडात नेऊन बघितलं. नुसता रंग.

"सांगता येत नाही गो," मी म्हटलं.

तिनं त्याची चौपदरी घडी केली आणि टोप उतरवला. मिरग आठ दिवसांवर होता, आणि तिनं अजून सांगितलेलं नव्हतं की पाणी आल्यावर जायचं कुठल्या साकवावरून.