जोडीदाराचा हात

तिसरीच्या बाईंचा सहलीतला नियम एकच: जोडीदाराचा हात सोडायचा नाही. जोड्या लावून एक मूल नेहमी उरायचं, त्याचा हात बाई धरायच्या. घरी त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. ती ऊब त्या पुढच्या सहलीपर्यंत पुरवून पुरवून वापरायच्या.

यंदा वर्गात एक नवी मुलगी आली आणि सगळ्या जोड्या जुळल्या. कुंभाराकडे मातीकाम शिकायला जाताना बाई रिकामा हात पर्सच्या पट्ट्यात अडकवून उगाचच सगळ्यांवर खेकसत होत्या.

तिथे दोन मैत्रिणींचं बिनसलं. एकीचा धक्का लागून दुसरीच्या हत्तीची सोंड तुटली आणि झाली कट्टी! परतताना दोघी एकमेकींचा हात धरायला तयार होईनात. असली भांडणं बाई एरवी चुटकीसरशी मिटवायच्या. आज त्यांनी एकीला डावीकडे घेतलं, दुसरीला उजवीकडे. वाळल्या मातीने खरखरीत झालेले दोन चिमुकले हात त्यांच्या हातांत आले.

शाळेचं फाटक दिसलं तशा दोघी बाईंच्या पाठीमागून एकमेकींकडे डोकावून फिदीफिदी हसल्या.

बाई जागीच थांबल्या.

"अगं," त्यांनी हळूच विचारलं, "कट्टी आहे ना अजून तुमची?"