गादीमागचा चमचा

पहिल्या बाळाच्या आईला पुस्तकं वाचायला देऊ नयेत, असं गोटूच्या बाबांचं ठाम मत होतं. मत देऊन ते कामावर गेले आणि पुस्तक घरातच राहिलं. 'सात महिन्यांचं मूल आवाजाच्या दिशेला मान वळवतं,' असं त्यात ठळक अक्षरांत छापलेलं. झालं! जेवणं आटोपताच गोटूच्या आईने परीक्षा मांडली.

परीक्षा चोख हवी, म्हणजे गोटूला आई दिसता कामा नये. म्हणून तिने त्याच्या उजव्या हाताला जाड कापसाची गादी खुर्च्यांना टेकवून उभी केली, त्याला उशांच्या मधोमध बसवलं, आणि स्वतः गादीमागे दबा धरून वाटीवर चमचा वाजवला. टिण्‌. मग हळूच डोकावून पाहिलं.

गोटूने मान वळवली होती. पण डावीकडे, लोखंडी कपाटाकडे.

दहा वेळा वाजवलं. दहाही वेळा पठ्ठ्या कपाटाकडेच बघतोय. तिने निकाल लावून टाकला: उजवा कान गेला. उद्या रस्ता ओलांडताना उजवीकडून गाडी आली तर? अजून रांगताही न येणाऱ्या पोराला तिने मनातल्या मनात भर रस्त्यात नेऊन उभं केलं.

तेवढ्यात सासरे आले. सभागृहांमध्ये लाउडस्पीकर बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली.

"सूनबाई, गादीशी लपाछपी खेळतेयस का?"

"बाबा, त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही." हे म्हणत तिने डोळे पुसले.

सासरे गादीमागे जाऊन बसले आणि खर्जात म्हणाले, "काय गोटूशेठ?"

गोटूने झटकन गादीकडे पाहिलं आणि बोळकं पसरलं.

"म्हणजे तुमचं ऐकतो. माझंच ऐकत नाही," ती म्हणाली. एका काळजीच्या दोन झाल्या.

"रडू नकोस. त्याला माझ्याकडे दे आणि त्याच्या जागी बस. डोळे मीट. आवाज येईल तिकडे बोट दाखव."

ती उशांमध्ये बसली. टिण्‌. विचार करायच्या आत बोट वर गेलं. डोळे उघडले, तर बोट कपाटाकडे.

"अरेरे," सासरे म्हणाले, "म्हणजे हे तुझ्या माहेरून आलंय."

"बाबा!"

"अगं, तळ्यातली मोठी लाट खांबाला वळसा घालून पुढे जाते, बारीक तरंग खांबापाशीच अडतो. तसंच हे. माझा जाड आवाज गादीला वळसा घालतो. चमच्याचा बारीक आवाज गादीत जिरतो, आणि उरलेला गादीवरून जाऊन समोरच्या कपाटाच्या पत्र्यावर आपटून परत येतो. मग बाळाने कुठे बघायचं? आवाज आला तिकडेच बघितलं बिचाऱ्याने. परीक्षेत तो पास आहे. पेपर काढणारी नापास."

ती उठली. गादी काढून पलंगावर टाकली, गोटूला जागेवर बसवलं. सासरे त्याच्यासमोर रुमाल नाचवत राहिले आणि ती उजवीकडून, जरा मागून, चमचा घेऊन टेकली. टिण्‌.

गोटू थेट तिच्याकडे वळला. दुसऱ्यांदा वळला. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा मात्र ढिम्म.

तिचा चेहरा पुन्हा उतरला. "आता का नाही?"

"चमचाच आहे, हे कळलंय त्याला. किती वेळा बघेल? मीही आता बघणार नाही."

पण आईचं समाधान असं होतं होय? तिने वाटी-चमचा खाली ठेवला आणि अगदी हळू, श्वासाइतक्या आवाजात म्हटलं, "गोटू."

तो एवढ्या घाईने वळला की उशांवरून घरंगळत तिच्या मांडीशीच येऊन पडला. तिने त्याला उचलून उजव्या कानाचा पापा घेतला, मग डाव्याचा, मग पुन्हा उजव्याचा. तोवर त्याने हात लांबवून चमचा पळवला होता आणि जीव खाऊन वाटी बडवायला सुरुवात केली होती.

"त्याचे कान झाले बघून," सासरे दोन्ही हात कानांवर ठेवत म्हणाले, "आता माझ्या कानांचं बघ."