स्वतःच्या कॉलसाइनवर

तंबूच्या खांबाला चिकटवलेलं पाळ्यांचं पत्रक मास्तरीणबाईंनी दोनदा वाचलं. 'मोर्स, सकाळी दहा ते बारा' या रकान्यात गेली चौदा वर्षं त्यांचं नाव असायचं. आज तिथे दातांच्या डॉक्टरांचं होतं. बाईंचं नाव अगदी तळाशी सापडलं, 'स्वागत व माहितीपत्रके' याच्यापुढे. तंबूच्या तोंडाशी त्यासाठी एक खुर्ची मांडलेली होती आणि तिच्यावर मऊ उशीसुद्धा ठेवलेली होती. बाईंना पत्रकापेक्षा ती उशी जास्त झोंबली.

मास्तरीणबाई कधी शाळेत शिकवायला गेल्या नव्हत्या. सव्वीस वर्षं त्या कापडगिरणीत मागावर उभ्या होत्या. पण हौशी रेडिओ क्लबातल्या निम्म्या माणसांना मोर्स कोड त्यांनी शिकवला होता, टेबलावर पेन्सिल आपटून, आणि कुणी फारच चुकलं तर त्याच्या बोटांवर आपटून. तेव्हापासून त्या मास्तरीणबाई. मागांच्या खडखडाटाने आधी त्यांचा डावा कान गेला. मग उजव्यानेही हळूहळू गाशा गुंडाळायला घेतला आणि गेल्या हिवाळ्यात तोही पुरता बंद झाला. कानाचं यंत्र लावून पाहिलं, त्यातून नुसता कल्लोळ यायचा. ही गोष्ट क्लबाच्या बैठकीत त्यांनी स्वतःच उभं राहून सांगितली होती. सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं. त्या वाईट वाटण्याचं काय झालं, ते आता खांबावर चिकटलेलं होतं.

"बा-ई, सा-व-लीत ब-सा!" डॉक्टर समोर येऊन म्हणाले. ते क्लबाचे सेक्रेटरी होते, माणूस सरळ होता, आणि मोर्स बाईंच्याच हाताखाली शिकला होता. पण बाईंचे कान गेल्यापासून त्यांच्याशी बोलताना तो तोंड एवढं उघडायचा, की आतली अक्कलदाढ दिसावी.

"दुसऱ्यांना आ करायला लावून लावून यांनाच सवय लागलीय," बाईंची नणंद शेजारून म्हणाली. ती निवृत्त बस कंडक्टर. रेडिओतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण भाऊ कामावर आणि भावजयीबरोबर सामान उचलायला कुणीतरी हवं, म्हणून आली होती.

"डॉक्टर, नेहमीसारखं बोला. ओठ वाचता येतात मला," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं त्यापेक्षा आवाज बराच मोठा निघाला. तंबूतली चारपाच डोकी वळली. "माझी पाळी कुठे गेली?"

"तुम्हाला त्रास नको, म्हणून..."

"सहा महिने घरी सराव केलाय मी. यांनी पातळ फळ्यांचा खोका करून दिलाय, त्यात स्पीकर बसवलाय. वर बोटं टेकवली की लांब-आखूड सगळं कळतं."

"वेग किती येतो?"

खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "मिनिटाला बारा शब्द."

डॉक्टरांनी मान खाली घातली. कान होते तेव्हा याच बाई अठ्ठावीस शब्द घ्यायच्या, तेही गप्पा मारता मारता. "बाई, ही स्पर्धा आहे. चोवीस तासांत ज्याचे संपर्क जास्त, तो वर. मागच्या वर्षी आपण थोडक्यात हुकलो. तुम्ही समजून घ्याल ना?"

"मोर्स घ्यायला कान असलेच पाहिजेत, असं नियमांत कुठे लिहिलंय?"

"नियमांत नाही हो, पण..."

"आणि एकट्याने, बॅटरीवर, स्वतःच्या कॉलसाइनवर खेळायचा वेगळा गट आहे. ते लिहिलंय ना?"

"आहे," डॉक्टर म्हणाले, आणि आपण काय कबूल केलं ते त्यांना जरा उशिरा कळलं.

बाईंनी उशी उचलून त्यांच्या हातात दिली आणि खुर्ची काखोटीला मारली. "खुर्ची नेते. उशी ठेवा तुम्हाला."

मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे, एक उंच झाड होतं. क्लबाचा जनरेटर, फलक आणि तंबू सगळं तिथून दूर होतं. बाईंनी सामान मांडलं: गाडीची जुनी बॅटरी, पुस्तकाएवढा रेडिओ, मोर्स ठोकायची कळ म्हणजे की, लाकडी खोका आणि अँटेनाच्या तारेचं वेटोळं. तार झाडावर चढवायला दोरीच्या टोकाला लोखंडी नट बांधून तो फांदीवरून फेकायचा होता. नणंदेने फेकलेला पहिला नट तिच्याच पायाशी पडला, दुसरा बेचक्यात अडकला, तिसरा मात्र बरोबर पार गेला.

"आमच्या बसवर दगड मारणारे माझ्यापुढे काहीच नाहीत," नणंद हात झटकत म्हणाली. "बोल वहिनी, पुढे काय?"

"मी अक्षरं बोलेन, वन्सं. तुम्ही वहीत लिहायची. प्रश्न विचारायचे नाहीत."

"तीस वर्षं हलत्या गाडीत तिकिटं फाडलीत. तू बोल फक्त."

बाईंनी डावी बोटं खोक्यावर टेकवली, उजवा हात कीवर ठेवला आणि हाक पाठवली. कुणी आहे का, कुणी आहे का, आणि शेवटी आपली कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव. हात सरसर चालला. इतकी वर्षं मुरलेला हात तो, त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. लगेच खोका थरथरला. कुणीतरी उत्तर देत होतं, पण कसलं अक्षर न् कसलं काय! बोटांखालून नुसती मुंग्यांची रांग पळाली. पुन्हा पाठवा, बाईंनी कळवलं. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या खेपेला समोरचा कंटाळून निघून गेला. दुसऱ्या स्टेशनाचंही तेच, मग तिसऱ्याचं. अर्ध्या तासात वहीचं पान कोरं ते कोरंच राहिलं.

"एवढं भराभर का बोलतायत मेले?" नणंदेने विचारलं. मग वहिनीने आपल्याकडे पाहावं म्हणून तिच्या गुडघ्यावर थाप मारली आणि तेच पुन्हा विचारलं.

बाई उत्तर देणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. समोरचा माणूस आपण पाठवू त्याच वेगाने उत्तर देतो. त्यांचा पाठवणारा हात अठ्ठावीसचा होता आणि ऐकणारी बोटं बाराची.

"मीच भराभर बोलतेय," त्या म्हणाल्या. "मला हळू पाठवावं लागेल."

"मग पाठव की."

"वन्सं, रेडिओवरचा अख्खा पट्टा माझा हात ओळखतो. नवख्यासारखं एकेक अक्षर ठोकत बसले तर लोक काय म्हणतील? ही संपली म्हणतील."

नणंदेने वही मांडीवर आपटली. "म्हणू देत! त्या डॉक्टरने तुला बाजूला बसवलं तर तू खुर्ची घेऊन चालायला लागलीस. आणि जे दिसतसुद्धा नाहीत त्यांना घाबरतेस?"

बाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग तो राग त्यांनी गिळला नाही, हातात घेतला. की धरली आणि मुद्दाम, ठाम, प्रत्येक लांबचं लांब नि आखूडचं आखूड ठेवत हाक पाठवली. कधी कुणाकडे केली नव्हती ती विनंतीही शेवटी जोडली: हळू पाठवा.

पहिला कुणीतरी तेवढ्यावरच सटकला. "जा!" बाई म्हणाल्या आणि पुन्हा हाक दिली. दुसरा थांबला. खोका थरथरला तेव्हा बोटांना एक लांब लागलं, मग दोन आखूड, सुटं सुटं, डाळीतून खडे वेचावेत तसं. बाई अक्षरं म्हणत गेल्या, नणंद लिहीत गेली. त्याची कॉलसाइन, त्याचा क्रमांक. बाईंनी आपला क्रमांक दिला: एक, म्हणजे पहिला संपर्क. समोरून पोच आली.

बाईंचे डोळे भरले. त्यांनी ते बाहीने पुसले आणि ओरडल्या, "पुढचं पान तयार ठेवा!"

"अगं, या पानावर एकच ओळ झालीय!"

दुपारी तीनपर्यंत एकवीस ओळी झाल्या होत्या. त्यातली एक खोडावी लागली, कारण बाई म्हणाल्या एक आणि नणंदेने ऐकलं भलतंच. त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण होऊन मिटलंही होतं. टाकीजवळ सहासात माणसं जमली होती. त्यांच्यातून वाट काढत डॉक्टर आले आणि दोन संपर्क पाहत उभे राहिले. मग तोंड नेहमीएवढंच उघडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

"हो."

"तंबूत चला. चार ते पाच तुमची पाळी. आणि हे संपर्कही क्लबाच्या यादीत धरू. आपलेच आहेत ना?"

"तसं नियमांत बसत नाही. आणि बसत असतं तरी दिले नसते. हे माझे आहेत."

"तुम्ही अजून रागावलाय."

"रागावलेय तर! हात शाबूत असताना बाजूला बसवलं म्हणून रागावलेय. क्लब सोडत नाहीये मी, पण आज तुमच्याकडून खेळणार नाही." त्यांनी बोटं पुन्हा खोक्यावर ठेवली. "तुमची सावली पडतेय, डॉक्टर, जरा बाजूला व्हा. वन्संना वही दिसत नाही."

महिन्याभराने निकाल लागला. बॅटरीवर एकट्याने खेळणाऱ्यांच्या गटात बारा जण होते, त्यात बाईंचा नववा नंबर. क्लबाच्या पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी एक चौकटीतलं प्रशस्तिपत्र काढलं. वर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'जिद्द व धैर्यासाठी'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना हलणारे हात दिसले.

त्यांनी ते प्रशस्तिपत्र नीट वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं. "नवव्या नंबरला बक्षीस असतं का?"

"नसतं, पण बाई, तुम्ही ज्या परिस्थितीत..."

"मग मलाही नको. माझ्या मागे तिघं जण आहेत, त्यांना पाठवलंत का? मला पुढच्या वर्षी दहा ते बाराची पाळी हवी. वेग आता चौदा झालाय. तोवर सोळा करते."

डॉक्टरांनी समितीच्या इतर लोकांकडे पाहिलं, लोकांनी टेबलाकडे. "चर्चा करून सांगतो," ते शेवटी म्हणाले.

"करा चर्चा," बाई उठत म्हणाल्या. "मी बॅटरी चार्ज करून ठेवते. तंबूत बसायचं की टाकीमागे, तेवढंच काय ते तुम्ही ठरवायचंय."